डुकराचा उजवा कान

एकतीस वर्षं मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. पन्नास पोरं भरलेल्या बसचा मागचा दिवा चुकीच्या वेळी लागला तर काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. त्या एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही वायर इकडची तिकडे गेली नाही. हे मी कुणी न विचारताही सांगत सुटतो, म्हणून माझी बायको होती तोवर मला टेबलाखालून लाथ मारायची. आता लाथ मारायला कुणी नाही. पण पुढे जो घोटाळा झाला त्यातही माझी वायर चुकली नव्हतीच. तरी घोटाळा माझ्यामुळेच झाला.

लव्हॉन डालक्विस्ट माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे तिच्या आणि माझ्या घरामध्ये दीड मैल नुसता मका. वय एक्याऐंशी. नवरा मर्ल जाऊन सहा वर्षं झालेली, डुकरं त्याच्या आधीच विकलेली, जमीन खंडाने दिलेली. राहिलेलं काय, तर ती, घर आणि बहात्तर सालची निळी पिकअप. आमच्या इलिनॉयमध्ये त्या वयाच्या माणसाला दर दोन वर्षांनी परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी लागते. गाडी आपली आपण न्यायची. पास झालात तर लायसन, नाही तर किल्ली मुलाच्या हातात. आणि लव्हॉनची किल्ली गेली म्हणजे घरच गेलं. दूध अकरा मैलांवर, डॉक्टर अकरा मैलांवर, चर्च सात मैलांवर. मुलगा केंट पिओरियाला असतो. भला माणूस. पण गावातल्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक त्याने तिच्या फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं, आणि ती रोज त्याच्यावर किराण्याची यादी चिकटवायची.

परीक्षा गुरुवारी होती. आदल्या शुक्रवारी सकाळीच तिचा फोन आला.

"हार्लन, दांडी मेली."

"कुठली दांडी?"

"साईड दाखवायची. नुसती लोंबकळतेय. वर केली तरी तेच, खाली केली तरी तेच."

"कालपर्यंत चालत होती ना?"

"मर्लची आईपण मेली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालत होती. येतोस का बोल."

गेलो. परीक्षक आधी गाडीबाहेर उभा राहून दिवे बघतो. डावा दाखवा, उजवा दाखवा, ब्रेक दाबा. तिथेच अडलं तर गाडी जागची हलवूही देत नाहीत. मी नवा स्विच गावातून घेऊनच गेलो होतो. आश्चर्य म्हणजे या जुन्या गाड्यांचा हा भाग अजून मिळतो.

आता हा स्विच बसतो कुठे, तर स्टिअरिंगच्या चाकाखाली, चाक धरणाऱ्या खांबाच्या तोंडाशी. त्यामुळे बोटभर दांडीसाठी अख्खं चाक उतरवावं लागतं. आधी बॅटरीची वायर काढली. मग हॉर्नचं झाकण, त्याखालचा नट. चाक पुन्हा सरळ बसावं म्हणून खांबातल्या दांड्यावर खडूची खूण केली आणि चाक ओढून काढायचा पुलर लावला. पुलर आवळत गेलं की काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि मग एकदम ठक्! चाक हातात. असली शेकडो चाकं उतरवली असतील, पण आत काय आहे बघायची उत्सुकता मला दर वेळी असते. दुसऱ्याच्या कपाटात डोकावल्यासारखं वाटतं. लोकांनी काय काय करून ठेवलेलं असतं! एकदा एका बसमध्ये कुणीतरी च्युइंगमने चिकटवलेली स्प्रिंग मिळाली होती.

जुना स्विच बाहेर काढला. तळहाताएवढं प्लास्टिक. त्याला दोन छोट्या जिभा असतात. वळण संपून चाक सरळ होताना ते जिभेला धक्का देतं आणि दांडी आपोआप जागेवर येते. या स्विचच्या दोन्ही जिभा उंदराने कुरतडल्यासारख्या झिजून गेल्या होत्या. दांडी परत येऊ पाहतेय आणि कुणीतरी ती बोटाने अडवून धरतंय, असं हजारो वेळा झालं तरच हे होईल. मी भुवया उंचावल्या, स्विच खिशात टाकला आणि पुढे लागलो.

वायरी खांबाच्या पोटातून खाली जातात. त्या खाली कापायच्या, टोकाला सुतळी बांधायची आणि वरून ओढायच्या. सुतळी वर आली की तिला नव्या वायरी बांधून खालून ओढायच्या. सोपं काम. पण मी डॅशबोर्डखाली उताणा पडून टॉर्च लावला तर काय! लाल, हिरवी, पिवळी, निळी असायला हव्यात तिथे आठच्या आठ वायरी काळ्या. मर्लला लाल-हिरव्यातला फरक कळत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एका हिवाळ्यात उंदरांनी मूळ वायरी खाल्ल्या, तेव्हा त्याने डुकरांच्या पिलांना ऊब द्यायच्या दिव्यांची काळी वायर सगळीकडे फिरवली होती. आणि प्रत्येक वायरीला कापडी पट्टीचा एक दुमडलेला तुकडा, काहींच्या कडेला छोटा त्रिकोणी काप. कुणाचा वर, कुणाचा खाली, कुणाचा या कडेला, कुणाचा त्या.

या खुणा कसल्या, हे लव्हॉनला विचारायला हवं होतं. ती दहा पावलांवर स्वयंपाकघरात केक भाजत होती. पण मला मर्लच्या खुणांची काय गरज? मी एकेका वायरीला बॅटरीचा करंट देऊन कुठला दिवा लागतो ते बघितलं. या गाड्यांत मागचा एकच दिवा ब्रेकचंही काम करतो आणि साईडचंही, त्यामुळे ब्रेकची वायरसुद्धा खांबात चढून याच स्विचमधून जाते. एक चुकली की सगळंच चुकतं. मी चुकलो नाही. दांडी खाली तर डावा, वर तर उजवा. गोठ्याच्या भिंतीवर दिव्यांचा उजेड लुकलुकला, मी केक खाल्ला आणि घरी आलो.

रविवारी दुपारी केंटचा फोन.

"हार्लन, तुम्ही बसला आहात ना?"

"या वयात मी बसलेलाच असतो. बोल."

"आई आज मला चर्चला घेऊन गेली. तीन वेळा उलटी साईड दाखवून वळली. डावीकडे वळायचं, दाखवली उजवी. मागून धान्याचा ट्रक येत होता, थोडक्यात वाचलो. बरं, तिला पत्ताच नाही. विचारलं तर म्हणते, दाखवली की."

"दिवे मी स्वतः तपासलेत."

"दिवे नाही हो. मी आईबद्दल बोलतोय. तुम्ही एकदा तिच्यासोबत जाऊन बघा. मला वाटतं परीक्षेला नेऊच नये. लोकांसमोर नापास होण्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

सोमवारी मी काहीतरी निमित्त काढून तिच्या शेजारी बसलो. पहिल्याच चौकात तिने दांडी वर ढकलली, बोटाने धरून ठेवली आणि छान, सावकाश, डावीकडे वळली. समोरच्या काचेखाली उजवा बाण लुकलुकत होता.

"लव्हॉन, साईड?"

"दाखवली ना."

"उजवी दाखवलीस."

तिने बाणाकडे पाहिलं. पुढच्या चौकात पुन्हा तेच. तिसऱ्या चौकात ती विचार करून दाखवायला गेली आणि बरोबर दाखवली. चौथ्यात विचार केला तरी चुकली. मग तिने गाडी मक्याच्या कडेला थांबवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी डावीच दाखवली, हार्लन," ती अगदी हळू म्हणाली.

"परीक्षेचा ताण आहे. होतं असं."

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चमचे चुकीच्या खणात. मग आम्ही मुली चुकीच्या नावाने."

मी ताणाबद्दल आणखी काहीतरी बडबडलो. खोटं बोलताना मी जास्त बोलतो. मनात मात्र म्हणत होतो, गेली, आपली लव्हॉन गेली. मला फार वाईट वाटलं, आणि मी तिच्या डोळ्यांत न बघता रस्त्याकडे बघत राहिलो, हेही सांगितलंच पाहिजे.

मंगळवारी कोटाच्या खिशात हात घातला तर जुना स्विच लागला. मी तो कामाच्या टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि त्या कुरतडलेल्या जिभांकडे बघत बसलो. काल तिने दांडी बोटाने धरून ठेवली होती. का? चांगल्या गाडीत दांडी कुणी धरत नाही, ती आपली आपण राहते. मी नवा स्विच बसवला तरी तिचं बोट सुटलं नाही, म्हणजे ही जुनी सवय. पण सवय लागली कशी? दांडी वळण्याआधीच सुटत असेल तरच माणूस धरेल. आणि वळण्याआधी ती सुटते केव्हा? दांडी एका बाजूला आणि चाक दुसऱ्या बाजूला फिरवलं तर. म्हणजे ही बाई वर्षानुवर्षं दांडी एकीकडे करून दुसरीकडे वळत होती? मग इतकी वर्षं मागच्या लोकांनी तिला ठोकलं कसं नाही? मागच्या वेळच्या परीक्षकाने पास केलं कसं? मी कॉफी केली आणि प्यायची विसरलो.

बुधवारी सकाळी तिच्या दारात गेलो तर ती फोनजवळ उभी.

"बरं झालं आलास. परीक्षा रद्द करायला फोन करतेय. ऑफिसातली मुलगी म्हणाली, दहानंतर करा."

"दहाला दोन तास आहेत. किल्ली दे."

"हार्लन, पुरे आता. गाडीला काही झालेलं नाही. मला झालंय."

"किल्ली दे म्हणतो ना!"

मी ओरडलो हे खरं आहे. तिने किल्ली फेकून मारली, हेही खरं आहे. मी पुन्हा चाक उतरवलं, डॅशबोर्डखालचं आवरण काढलं आणि वायरींचा जुडगा बाहेर ओढला. ती दारातून बघत होती. हळूहळू जवळ आली. मग वाकली.

"अरे, हे तर कान आहेत!"

"काय?"

"डुकराचे कान. मर्लने वायरींना कान लावलेत, वेड्याने." तिने एक कापडी तुकडा बोटांत धरला. "पिलू दोन दिवसांचं असताना कानाच्या कडेला काप द्यायचे, आठवतं का? तुला कसं आठवेल, तुझा बाप तर दुधाच्या गाईवाला. काप कुठल्या जागी, त्यावरून आकडा. एक, तीन, नऊ. दोन नसतो, दोन म्हणजे एकाच्या जागी दोन काप. उजवा कान म्हणजे कुठल्या वेताचं, डावा म्हणजे वेतातलं कितवं. तीस वर्षं कापलेत मी. मर्ल पिलू धरायचा, मी कापायची."

"मग वाच."

तिने वाचलं. एकेक तुकडा बोटाने चाचपून, चष्मा न लावता. "उजवा, एक. उजवा, तीन. डावा, एक. डावा, तीन. हे बिनकापाचे म्हणजे हॉर्न वगैरे असणार. एक म्हणजे पुढचा दिवा, तीन म्हणजे मागचा. दुसरं काय असणार?"

मी 'उजवा, एक' वायरीला करंट दिला आणि म्हटलं, "जा, पुढे जाऊन बघ कुठला लागलाय."

ती गेली. वाकून दोन्हीकडे बघितलं.

"डावा लागलाय, हार्लन."

'उजवा, तीन' ला मागचा डावा लागला. डाव्यांना उजवे. मी पायरीवर बसलो आणि माझ्या डोक्यात सगळं एकदम जागेवर आलं.

"लव्हॉन, मर्लने तुला दांडी कशी शिकवली होती?"

"डावीकडे जायचं तर वर. उजवीकडे तर खाली. मी तोवर ट्रॅक्टरच चालवायची, त्याला कुठली दांडी? मग एका उन्हाळ्यात डुकरिणीने मर्लची मांडी मोडली आणि मी लायसन काढलं. तेवीस वर्षं झाली."

"आणि वळताना धरून ठेवायची?"

"मग! नाही धरली तर सुटते. सगळ्यांचीच सुटते."

"कुणाचीच सुटत नाही. आणि सगळ्या जगात डावीकडे जायला दांडी खाली करतात."

"सगळ्या जगाची गाडी मी कशाला चालवू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम चालकाच्या सीटवर चढून बसली, समोरच्या उघड्या खांबाकडे बघितलं आणि हसायलाच लागली. खांबाचं गोल तोंड, मधोमध बाहेर आलेला तो दांडा.

"हे बघ. थोबाड बघ कसं दिसतंय. पिलू समोर धरलं की त्याचं तोंड आपल्याकडे असतं. मग त्याचा उजवा कान येतो आपल्या डाव्या हाताला. नवा गडी आला की पहिल्या दिवशी हमखास उलटं कापतो. मर्ल प्रत्येकाच्या कानाशी ओरडायचा, 'डुकराचा उजवा, तुझा नव्हे!' तीस वर्षं ओरडला. आणि इथे बसून त्याने या थोबाडाचे कान उलटे धरले. अरे, पण गाडीचं तोंड तिकडे आहे ना!" तिने समोर मक्याकडे हात केला. "गाडीचा उजवा तो आपलाच उजवा!"

"त्याला नंतर कळलं नसेल?"

"न कळायला काय झालं? पण सांधे पक्के करून बसला होता. मर्ल आणि केलेलं काम उलगडणार? मला म्हणाला, या गाडीची पद्धत अशी आहे."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मर्लची मेल्यावरही गाडीत राहिली होती. बाहेरून दिवे बरोबरच लागत, म्हणून कुणाला कधी कळलं नाही. उलटी होती ती फक्त दांडी, आणि दांडी एकट्या लव्हॉनच्या हातात. मी शुक्रवारी येऊन ती जगासारखी केली.

"म्हणजे माझं डोकं…" ती म्हणाली.

"तुझं डोकं ठीक आहे. गाडी वेडी होती. मी न विचारता शहाणी केली. चूक माझी."

तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. मग म्हणाली, "आता तिला पुन्हा वेडी कर. उद्यापर्यंत तेवीस वर्षं उलटी नाही फिरवता येणार मला."

मी केली. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चार वायरी उलट्या जोडल्या, आणि दर जोडाला मागे वळून बघत होतो, जणू चोरीच करतोय. मग एक चक्कर मारायला निघालो तर फाटकाशीच दांडी खाली केली, डावीकडे वळलो आणि उजवा दिवा लुकलुकवत गेलो. शेजारून आवाज आला, "डुकराचा डावा, हार्लन!" केंटला फोन मीच केला. सगळं सांगितलं, आपली चूक धरून. तो म्हणाला, परीक्षेला मीही येतो.

गुरुवारी तो पिओरियाहून सरळ परीक्षेच्या ऑफिसात आला. परीक्षक एक तिशीची बाई, हातात कागद लावलेली पाटी. तिने डावा बघितला, उजवा बघितला, ब्रेक बघितला, आत बसली आणि निळी पिकअप कोपऱ्यावरून डावीकडे वळून दिसेनाशी झाली. डावा दिवा लावून. केंट आणि मी बाकावर बसलो. तो एकदाच बोलला, "रविवारी मी तिच्याशी लहान मुलासारखं बोललो." मी म्हटलं, "मी तर सोमवारी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

वीस मिनिटांनी गाडी आली. परीक्षक बाई उतरून म्हणाली, "अशी दांडी धरून वळणारी बाई मी अजून पाहिली नव्हती. फार सांभाळून चालवतात." केंटने आईला मिठी मारली ती सोडेचना. शेवटी तीच म्हणाली, "पुरे रे, ऑफिसला जा."

परतताना मी तिच्या शेजारी होतो. चारेक मैल मागे पडले. मक्याची रोपं बोटभर वर आली होती.

"तुलाही वाटलं होतं ना?" ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "माझं डोकं गेलं म्हणून?"

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"हो," मी म्हणालो. "एक अख्खा दिवस."

"मलाही."

पुढे आमचा फाटा आला. तिथून तिचं घर उजवीकडे. डावीकडे स्टॉफरांचं शेत आणि पुढे नुसती नदी. लव्हॉनने वेग कमी केला आणि डावा बाण लुकलुकायला लागला. मी एकदा बाणाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि अगदी हळू, केंट बोलला असेल तसाच बोललो.

"लव्हॉन, घर उजवीकडे आहे."

"माहितीये. बावन्न वर्षं राहतेय तिथे." तिने गाडी डावीकडे घातली. "मंगळवारी मी माझ्या कोंबड्या स्टॉफरबाईला देऊन आले. म्हटलं, नावं विसरायच्या आधी त्यांची सोय लावावी. त्या परत आणायच्यात. चौदा आहेत. तू नीट मोजून घे, ती बाई अलीकडे फार विसरते."